सहीवाले नाना

सही करण्याआधी नाना पायातल्या चपला काढायचे. बँकेत, पोस्टात, कचेरीत, कुठेही. टेबलाशी उभ्या उभ्या चपला बाजूला सरकवायचे, धोतराचा सोगा सावरायचे, खिशातलं पेन काढून त्याचं टोपण दातांत धरायचे आणि मग कागदावर वाकायचे. सही लांबलचक, ठसठशीत बाळबोध, आणि शेवटच्या अक्षरावरून मागे वळून सगळ्या नावाखालून जाणारी एक रेघ. ती ओढून झाली की जरा मागे सरून ते तिच्याकडे बघायचे, टोपण तोंडातून काढायचे आणि समोरच्याला म्हणायचे, "झालं. आता तुम्ही देवासचे."

त्या काळी बँकेत खातं उघडायचं तर आधीच्या एखाद्या खातेदाराची सही लागे. या माणसाला मी ओळखतो, हा भला माणूस आहे, अशी ती सही. माळव्यात, देवासला तेव्हा एकामागून एक कारखाने उभे राहत होते आणि सांगली, जळगाव, नागपूरकडची पोरं पत्र्याची ट्रंक घेऊन स्टेशनवर उतरत होती. कारखान्यात पगार बँकेत जमा व्हायचा, आणि बँकेत ह्यांना ओळखणार कोण? ओळखायचे नाना. त्यांचे पूर्वज देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे राजघराण्याच्या थोरल्या शाखेच्या, दरबाराबरोबर इकडे आलेले, ते स्वतः कलेक्टर कचेरीतून पेन्शनीत निघालेले, आणि घर बँकेच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. रोज सकाळी टेकडीवर देवीचं दर्शन घेऊन यायचे ते थेट बँकेतल्या पंख्याखालच्या बाकावर बसायचे. गल्लीतली पोरं त्यांना सहीवाले नाना म्हणत आणि ते त्याला ओ देत.

आमचंही खातं त्यांनीच उघडून दिलं. मी लग्न होऊन सांगलीहून नुकतीच आलेली. ह्यांच्याबरोबर बँकेत गेले तर हा म्हातारा आमची मुलाखत घ्यायला बसला. गाव कोणतं, गोत्र कोणतं, कुलदैवत कोणतं, हे सगळं ह्यांना विचारून झालं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, चैत्रगौरीला तुमच्याकडे काय करता?"

"आंब्याची डाळ आणि पन्हं."

"डाळीत ओला नारळ घालता?"

"घालतो."

"मग ठीक," म्हणाले आणि चपला काढल्या. माझा स्वभाव पहिल्यापासून तिखट. मी विचारलं, "नाना, नारळ न घालणारे काय बँक बुडवतात?" ते मनापासून हसले. "माणूस पैशाबद्दल खोटं बोलतो, सांगलीकर. घरच्या जेवणाबद्दल कशाला बोलेल?" तेव्हापासून मी त्यांची सांगलीकर झाले. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलंच नाही.

बँकेलाही ते सोयीचं होतं. नवी खाती जमवायची वरून ताकीद असायची. दारात कुणी मराठी बोलणारा दिसला की अकाउंटंटसाहेब काउंटरवरूनच हाक मारत, "नाना साहब, आपके लोग आए हैं, ज़रा देख लीजिए." फॉर्मवर एक रकाना होता, अर्जदाराला किती वर्षांपासून ओळखता. तो अकाउंटंटसाहेब स्वतःच भरून टाकत, सगळ्यांसाठी एकच, पाच वर्षं. नाना एकदा इकडच्या बोलीत म्हणालेही, "भिया, ये तो कल ही उतरे हैं गाड़ी से." साहेब म्हणाले, "खाली छोड़ेंगे तो फॉर्म ऊपर से लौट आएगा, नाना. आपके ही आदमी का पगार अटकेगा." आपल्या माणसाचा पगार अटकेल म्हटल्यावर नानांनी सही केली. मग ती सवयच झाली. माई, म्हणजे नानांची बायको, ओट्यावर तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "काल आलेल्याला पाच वर्षं ओळखतात. मला जन्मभर ओळखतात, पण मला कारलं आवडत नाही हे अजून ठाऊक नाही ह्यांना."

त्यांना मूलबाळ नव्हतं. पण दिवाळीला त्यांच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. सही मिळालेली सगळी पोरं फराळाला यायची, कुणी बायकोला घेऊन, कुणी पहिलं मूल घेऊन. नाना दारात उभे राहून एकेकाला आत घ्यायचे. "या, या भिया. घर आपलंच समजून राहा." त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जो आनंद असे तो मी दुसऱ्या कुठल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही.

ताराबाई आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायची. खानदेशातली, कमी बोलणारी, पदरी एक लहान मुलगी. नवरा कारखान्यात होता, तो काविळीनं गेला. क्वार्टर रिकामं करायची नोटीस आली आणि गावाहून दीर न्यायला आला तो मुक्कामच ठोकून बसला. रोज संध्याकाळी म्हणायचा, "वहिनी, सामान बांधा." ताराबाई बांधत नव्हती. नवऱ्याच्या फंडाचा चेक यायचा होता. त्या पैशातून एक खोली घ्यायची आणि कारखान्यातल्या सड्या पोरांसाठी खानावळ चालवायची, असं तिनं ठरवलं होतं. भाकरीला आसुसलेली पोरं आधीच कबूल होऊन बसली होती. मला एकदा म्हणाली, "वहिनी, त्या घरात गेले तर मी आणि माझी पोर जन्मभर त्यांची भांडी घासणार. मी जाणार नाही. मेले तरी जाणार नाही." तिचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली.

चेक येईना. कारखान्याच्या ऑफिसात गेलो, तर म्हणाले की चेक कधीच पाठवला आणि वटलाही. कुठे वटला म्हणून शोध घेत आम्ही दोघी पोचलो ते आमच्याच बँकेत. अकाउंटंटसाहेबांनी कागद काढले. ताराबाईच्या नावाचं खातं होतं. त्यात चेक जमा झाला होता आणि काही दिवसांत सगळी रक्कम काढून नेली होती. ताराबाईनं जन्मात बँकेची पायरी चढलेली नव्हती. फॉर्मवर तिच्या नावाची कुणीतरी दुसरीनंच केलेली सही होती, आणि तिच्या खाली ती ठसठशीत बाळबोध सही, खालून रेघ ओढलेली. टेबलाच्या पलीकडून, उलटी दिसत असतानाही, मी ती ओळखली.

मग हळूहळू उलगडलं. कारखान्याच्या फाटकाशी एक इसम लोकांचे अर्ज भरून द्यायचा. स्वतःला जोशी म्हणवायचा. ताराबाईनं सगळे कागद त्याच्याच हाती दिले होते आणि त्यानं चेकसाठी पत्ता स्वतःचा घातला होता. चेक हातात पडल्यावर तो एका बाईला डोक्यावर पदर घ्यायला लावून बँकेत घेऊन आला. ही माझी विधवा बहीण, तारा, म्हणाला. अकाउंटंटसाहेबांनी नेहमीसारखी बाकाकडे हाक मारली होती.

नाना बाकावरच होते. मी त्यांना टेबलाशी बोलावून फॉर्म दाखवला. "हो, माझीच सही," ते म्हणाले. "खानदेशातली बाई, बिचारीचा नवरा गेला. काय झालं?"

"ही ताराबाई," मी शेजारी बोट दाखवून म्हटलं. "खरी."

नानांनी तिच्याकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची नसतानाच बसायला गेले, मी आणि शिपायानं धरलं. "पण ती बाई," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "तिनं मला खापरावरचे पुरणाचे मांडे सांगितले, सांगलीकर. हातावर कसे फिरवतात ते करून दाखवलं. कोपरापर्यंत. असे हात खोटे नसतात हो."

ताराबाई तेवढ्यात पहिल्यांदा बोलली. "मला मांडे येत नाहीत," ती म्हणाली.

ते ऐकून नानांचा चेहरा जो उतरला तो उतरलाच. त्यांना कळलं होतं की खरी ताराबाई त्या दिवशी आली असती तर त्यांनी तिला दहा प्रश्न जास्त विचारले असते.

दुसऱ्या दिवसापासून नाना त्या जोशाच्या मागे लागले. त्यानं त्यांना चहा पिताना धारचं एक घराणं सांगितलं होतं, त्या घराण्याशी आपलं नातं आहे म्हणाला होता. म्हणून आम्ही धारला गेलो, नाना, ताराबाई आणि मी. त्या घरचे आजोबा कपाळाला हात लावून म्हणाले, "तो होय? तो आमच्या लग्नामुंजींत वाढायला यायचा. पंगतीत श्लोक म्हणायचा, अगदी खणखणीत. गोत्र-प्रवर सगळं भटजींच्या मागे उभं राहून पाठ केलेलं. जोशी कसला, त्याचं आडनाव कुणाला माहीत आहे?" कुणी सांगितलं तो राजगढच्या बाजारात दिसला. नाना राजगढला गेले. कुणी सांगितलं धरमपुरीला. नाना धरमपुरीला गेले, नर्मदेच्या घाटावर उभे राहून प्रत्येक नाववाल्याला जोशाचं वर्णन सांगत राहिले. एक जण वल्हं टेकवून म्हणाला, "बा, ऐसे तो रोज कितने ही पार उतरें हैं. किस-किस का मुँह याद रखूँ?"

परतीच्या बसमध्ये नाना म्हणाले, "किती स्वच्छ मराठी बोलत होता, सांगलीकर. आमच्या इकडच्या पोरांना नाही येत तसं. एक हिंदी शब्द नाही." मी आधीच उन्हानं आणि धुळीनं वैतागलेली. मी म्हटलं, "नाना, ती मराठी आता काय चाटायचीय?" ताराबाईनं माझा हात दाबला. नानांनी मान खिडकीकडे वळवली आणि देवास येईपर्यंत वळवूनच ठेवली.

पोलिसांनी त्यांना दोनदा चौकीत नेऊन बसवलं. म्हातारा सामील आहे का, हिस्सा घेतला का, असले प्रश्न. माई डबा घेऊन जायच्या आणि जाळीच्या दाराबाहेर पदर तोंडाशी धरून उभ्या राहायच्या. इकडे ताराबाईचं क्वार्टर गेलं. ती मुलीला घेऊन आमच्या स्वयंपाकघरात निजू लागली. दिरानं तिची ट्रंक स्वतःच्या हातानं बांधून आमच्या ओट्यावर आणून ठेवली आणि सांगितलं की पैसे नाहीत तर नाहीत, गावी कामाला माणूस लागतंच आहे. ताराबाईनं ट्रंक उघडली नाही आणि उचललीही नाही. सकाळी बँक उघडायच्या वेळेला ती मुलीला घेऊन बँकेच्या पायरीवर जाऊन बसायची. मॅनेजरची गाडी आली की उठून उभी राहायची आणि हिंदीत शिकून घेतलेलं एकच वाक्य म्हणायची, "साहब, तारा मैं हूँ." मॅनेजर आत जायचे. ती बसायची. दुपारी मी जाऊन तिला उठवून आणायची, तेव्हा तिचे पाय बधिर झालेले असत. नानांचा बाक त्या पायरीच्या आत होता. तिला ओलांडून जायचं त्यांच्यानं होईना, म्हणून त्यांनी बँकेत जाणंच सोडलं.

शेवटी आम्ही वकील गाठला. त्यानं दोन वाक्यांत सांगितलं. बँकेनं रीतसर ओळख घेऊन खातं उघडलं असेल तर बँकेचा दोष नाही, ताराबाईला काही मिळणार नाही. पण सही करणारा त्या बाईला ओळखत नाही हे ठाऊक असूनही बँकेनंच त्याच्याकडून सही करवून घेतली असेल, तर बँकेला पैसे भरावे लागतील. "सारा मामला नाना साहब की ज़बान पर है," वकील म्हणाला. आणि हेही म्हणाला की नानांनी तसं सांगितलं तर आपण खोटं लिहून दिलं हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यासारखं होईल. खटला होऊ शकतो. पेन्शनचंही सांगता येत नाही.

हे मॅनेजरलाही ठाऊक होतं. ते स्वतः नानांच्या घरी आले, माईंच्या हातचा चहा प्यायले आणि अगदी गोड बोलले. "आप बस इतना कह दीजिए कि पाँच साल से जानते थे, उसने आपको भी धोखा दिया. आप भी साफ़, बैंक भी साफ़. चोर तो भाग गया, अब इसमें किसी का क्या क़सूर." ताराबाईचं नाव त्यांनी घेतलं नाही.

त्यांच्यामागून पोरं आली. नानांच्या सहीनं देवासची झालेली तीच पोरं, पाच-सहा जण, फराळाच्या वेळी बसत तशी सतरंजीवर बसली. त्यांतला मोठा म्हणाला, "नाना, तुम्ही कुणालाच ओळखत नव्हता असं कोर्टात निघालं तर आमची खाती बँक ठेवील का? पगार कुठे जमा होईल? एका बाईसाठी तुम्ही आमच्या पोटावर पाय देऊन राहिले." आमचे हेही त्यांच्यात होते. घरी येऊन मला म्हणाले, "नानांनी जरा विचार करून बोलावं, एवढंच आमचं म्हणणं." मी त्यांना म्हटलं, "तुमचं म्हणणं आधी स्वयंपाकघरात निजलेल्या त्या दोघींना सांगा." आमच्या घरात त्यानंतर बरेच दिवस वरणभातापुरतं बोलणं होत होतं.

नानांनी अन्न टाकलं. मी गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले. माईंनी आपल्या पाटल्या एका फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या, ताराबाईला द्या म्हणाल्या. ताराबाईनं त्या तशाच परत पाठवल्या आणि मग स्वतः आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहून म्हणाली, "नाना, मला तुमच्या घरातलं नको. माझा नवरा मरेपर्यंत कारखान्याच्या भट्टीपुढे उभा राहिला. मला त्याचं पाहिजे." नाना उठून बसले. हात जोडून म्हणाले, "बाई, मी काय सांगू ते तुम्हीच सांगा. मी खोटं सांगितलं तर तुम्ही गेलात. खरं सांगितलं तर मी आयुष्यभर जे केलं ते सगळं खोटं." म्हातारा माणूस असा ओक्साबोक्शी रडताना मी त्याआधी पाहिलेला नव्हता, आणि पुन्हा पाहायची माझ्यात ताकद नाही.

ताराबाईनं बँकेवर दावा लावला आणि कोर्टात तारखांवर तारखा पडल्या. दीर कंटाळून गेला, जाताना ताराबाईला वाटेल ते बोलून गेला. ती चार घरचे स्वयंपाक करू लागली आणि प्रत्येक तारखेला हजर राहिली. अखेर नानांची साक्ष निघाली. त्या दिवशी पोरं रजा टाकून आली होती, मागच्या बाकांवर ओळीनं बसली होती. नाना पांढरं धोतर आणि काळी टोपी घालून पिंजऱ्यात उभे राहिले, कठड्याला दोन्ही हातांनी धरून.

बँकेच्या वकिलानं हसतमुखानं विचारलं, "आप इस महिला को पाँच साल से जानते थे?"

"नहीं."

"तो कब से?"

"उसी सुबह से. एक चाय भर."

वकिलाचं हसू गेलं. "बैंक को मालूम था ये?"

"अकाउंटेंट साहब ने ही मुझे आवाज़ देकर बुलाया था. पाँच साल भी उन्होंने ही लिखा. हमेशा वही लिखते थे."

"फिर आपने दस्तख़त क्यों किए?"

"मराठी बोल रहे थे," ते म्हणाले.

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. बँकेचा वकील मात्र चिडला होता, त्यानं आवाज चढवला. "और बाक़ी जितने लोगों के लिए आपने दस्तख़त किए? उनमें से किसको जानते थे आप?"

नानांनी मागे वळून पाहिलं. बाकांवरच्या एकेका चेहऱ्यावरून त्यांची नजर फिरली. कुणाच्या बारशाला ते गेले होते, कुणाच्या बायकोच्या बाळंतपणात माई रात्रंदिवस राबल्या होत्या. पोरं त्यांच्याकडे बघत होती आणि एकानंही मान खाली घातली नाही, सगळ्यांच्या डोळ्यांत एकच धाक होता. आमचेही हे तसेच बघत होते.

"किसी को नहीं," नाना म्हणाले. "मेरी सही का कोई मतलब नहीं था, हुज़ूर. बैंक को ये मालूम था. मुझे ही मालूम नहीं था."

ताराबाई माझ्या शेजारी बसली होती. तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी वाढली.

पैसे मिळाले. लगेच नाही, बँकेनं वर अपील केलं, आणखी खेटे झाले, पण मिळाले. ताराबाईनं स्टेशन रस्त्याला खोली घेतली आणि खानावळ सुरू केली. नानांना न्यायाधीशांनी कडक समज देऊन सोडलं, पेन्शनही राहिली. पण बँकेनं नानांच्या सहीची सगळी खाती शोधून काढली आणि प्रत्येकाला नोटीस पाठवली की पंधरवड्यात दुसरी ओळख आणा. पोरं दारोदार फिरली, कुणा मारवाड्याच्या, कुणा सुपरवायझरच्या हातापाया पडून सह्या आणल्या. कुणाचं काही बुडालं नाही. पण राग नानांवर राहिला. "म्हातारा सठिया गया है," असं आमच्याच ओट्यावर बसून एक जण म्हणाला. त्याला मी हाताला धरून ओट्यावरून उतरवलं.

त्या दिवाळीला मी फराळाचं ताट घेऊन नानांकडे गेले. माईंनी सवयीनं दरवर्षीइतकंच केलं होतं. करंज्यांचे, चकल्यांचे डबे भिंतीशी एकावर एक रचलेले, झाकणं घट्ट लावलेली. नाना दारात उभे होते, नेहमीच्या जागी, नवं धोतर नेसून. ताराबाई मुलीला घेऊन आली, मी होते, आणि आणखी कुणी आलं नाही. दिवे लागले तरी ते दारातून हलले नाहीत. मग माईंनी आत येऊन बसा म्हटलं तेव्हा आत आले. भाऊबीज झाल्यावर ती दोघं देवास सोडून धारला माईंच्या भाच्याकडे राहायला गेली. निरोप द्यायला स्टँडवर ताराबाई आणि मी, दोघीच होतो. आमच्या ह्यांना मी चला म्हटलं नाही. ते येऊन कोपऱ्यावरच्या पानाच्या ठेल्याशी उभे राहिले, बस सुटेपर्यंत, आणि पुढे आले नाहीत.

त्यानंतर नाना मला एकदाच भेटले, बऱ्याच वर्षांनी. ताराबाईच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आमंत्रण द्यायला आम्ही दोघी धारला गेलो. माई म्हणाल्या, ते पेन्शन आणायला ट्रेझरीत गेलेत, तिथेच गाठा. खिडकीपुढे पेन्शनरांची रांग होती. नाना वाळून निम्मे झाले होते, पण ताठ उभे होते. त्यांची पाळी आली. खिडकीतल्या बाबूनं कागद पुढे सरकवला आणि त्याच्यामागून शाईचा डबा. मग ओळखीचं हसून म्हणाला, "दादाजी, पढ़े-लिखे आदमी हो. कभी तो दस्तख़त कर दिया करो."

"हाथ काँपता है, भिया," नाना म्हणाले, आणि त्यांनी अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला.

आम्ही पुढे झालो. आम्हाला पाहून त्यांना फार आनंद झाला. लग्न ठरलेल्या मुलीच्या डोक्यावर ठेवतात तसा हात त्यांनी ताराबाईच्याच डोक्यावर ठेवला. बाहेर टपरीवर त्यांनी आम्हाला चहा पाजला. गप्पा मारता मारता त्यांनी स्वतःचा चहा बशीत ओतला, काठोकाठ, आणि बशी उचलून तोंडाला लावली. एक थेंब सांडला नाही. मी पाहिलं. ताराबाईनंही पाहिलं. माझ्यासारखी तोंडाळ बाई, पण मला विचारायचा धीर झाला नाही. विचारलं ते ताराबाईनं.

"नाना, हात तर थरथरत नाही तुमचा."

त्यांनी बशी खाली ठेवली. अंगठ्यावरची शाई दुसऱ्या हाताच्या बोटांनी हळूहळू पुसत राहिले. ती निघत नव्हती.

"नाही थरथरत," ते म्हणाले. "पण बाई, अंगठा उमटवला की तो फक्त माझ्याबद्दल सांगतो. दुसऱ्या कुणाची हमी देत नाही."

मी पदर तोंडात कोंबून टपरीच्या मागे गेले आणि रडले. परत आले तेव्हा नाना ताराबाईला विचारत होते, मुलाकडचे लोक कुठले, कसे आहेत. आणि ताराबाई त्यांना सांगत होती, "नाना, चांगले वाटतात. पण तुम्ही एकदा येऊन त्यांच्याशी बोला. ते बरे आहेत असं तुम्ही म्हणालात तरच मी पोर देईन."

नाना तिच्याकडे नुसते बघत राहिले. टपरीवाल्यानं येऊन पैसे मागितले तेही त्यांना ऐकू गेलं नाही.